धर्माचा रकाना

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा बाबासाहेब आंबेडकरांचा ग्रंथ आमच्याकडे बहुतेक घरांत असतो. वर्षावासात, आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत, नागपुरातल्या वस्त्यावस्त्यांत त्याचं सामुदायिक वाचन चालतं. आमच्या विहारात संध्याकाळची वंदना झाली की कोणीतरी चष्मा सावरत ग्रंथ पुढ्यात घेतं आणि सिद्धार्थाच्या कुळापासून वाचायला सुरुवात करतं. त्याआधीची छोटीशी प्रस्तावना सहसा कोणी वाचत नाही. मला मात्र अख्ख्या ग्रंथात ती पानं सगळ्यांत जवळची वाटतात, कारण तिथे बाबासाहेबांनी उत्तरांच्या आधी चार प्रश्न मांडले आहेत.

म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडलं असं सांगतात. पण एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर यातलं काहीच पाहिलं नसेल का? चार आर्यसत्यं मूळच्या उपदेशात होती की मागून आली? आत्मा नाही म्हटल्यावर कर्म आणि पुनर्जन्म कसे काय टिकतात? आणि भिक्षूंचा संघ कशासाठी उभा केला, स्वतः परिपूर्ण होण्यासाठी की लोकांच्या सेवेसाठी? प्रश्न मांडून ते थांबत नाहीत. वाचकांनीही यांचा विचार करावा, उत्तरं शोधायला हातभार लावावा, अशी आशा ते व्यक्त करतात.

हा ग्रंथ पूर्ण होत होता तो १९५६ च्या आसपास. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटजवळच्या मोकळ्या जागेवर त्यांनी भन्ते चंद्रमणी यांच्याकडून बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि मग लाखोंना स्वतः दिली. बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत कुठे ‘पण’ नाही, ‘कदाचित’ नाही. ६ डिसेंबरला ते गेले. ग्रंथ छापून आला तो पुढच्या वर्षी. एकाच माणसाच्या मनात एकाच काळात इतका ठाम निर्णय आणि इतके मोकळे प्रश्न सुखाने नांदत होते. ‘तू नक्की काय मानतेस?’ असं कोणी मला विचारतं तेव्हा मी या गोष्टीपाशी येते.

कारण मला पुष्कळ गोष्टी माहीत नाहीत. मेल्यानंतर काही उरतं का, माहीत नाही. निर्वाण ही मनाची एक अवस्था की त्यापलीकडचं काही, माहीत नाही. चारांपैकी तिसऱ्या प्रश्नावर तर मी अनेक वर्षं अडून बसले आहे. बाबासाहेबांचं उत्तर असं की पुनर्जन्म होतो तो महाभूतांचा. देह मोडला की पृथ्वी, आप, तेज, वायू आपापल्या साठ्यात मिसळतात आणि पुन्हा कुठे एकत्र येतात. एका आत्म्याने देह बदलत फिरावं, तसं काही घडत नाही. कर्माचा नियम ते याच जगाच्या नैतिक व्यवस्थेपुरता ठेवतात. मागच्या जन्मीचं पाप म्हणून या जन्मी झाडू हातात, हा हिशेब ज्यांच्यावर लादला गेला त्यांच्यासाठी तो हिशेब मुळापासून मोडायलाच हवा होता, आणि त्यांनी तो मोडला. तिथवर मी त्यांच्यासोबत आहे. पण मग बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या जातककथांचं काय, सुत्तांत जागोजागी येणाऱ्या परलोकाचं काय? पाली शिकल्यावर ही अडचण वाढली. मूळ ग्रंथ वाचले की सगळंच इतक्या सहज बाजूला सारता येत नाही, आणि सगळं जसंच्या तसं स्वीकारताही येत नाही.

माझ्या आजीला ही अडचण नव्हती. तिचं सासर उमरेडकडचं. दीक्षेच्या वेळी ती नवी सून होती. पांढरं लुगडं उसनं आणलेलं, भाकरी फडक्यात बांधलेली, आणि गावातल्या बायकांबरोबर पायी नागपूर. भाषणातलं तिला फारसं आठवायचं नाही. ‘उभे राहा म्हनलं, उभे राह्यलो. हात जोडा म्हनलं, जोडले,’ एवढंच सांगायची. घरी परतल्यावर सासऱ्याने देवांचे टाक फडक्यात गुंडाळले आणि नदीत सोडून आला. त्या रात्री सासू झोपली नाही, मरीमाय कोपेल म्हणून दाराकडे बघत बसली. सकाळ झाली, कोणाला काही झालं नव्हतं, मग ती उठून चुलीला लागली. आजी हे सांगायची तेव्हा सासूवर हसायची नाही. पिढ्यान्‌पिढ्या बसलेली भीती एका रात्रीत निघत नाही, हे तिला कळत होतं.

कॉलेजात असताना मी तिला विचारलं होतं, ‘आजी, मेल्यावर माणसाचं काय होतं गं?’ ती सुपात तूर पाखडत होती. मान वर न करता म्हणाली, ‘मले का मालूम, बाई? वापस येऊन कोनी सांगतलं का?’ सुपाचे आणखी चार-पाच झटके झाले. खडे एका बाजूला आले, ते तिने वेचून अंगणात भिरकावले. मग म्हणाली, ‘पन जितेपनी आपलं काय झालं, ते मले मालूम आहे.’

ती गेली तेव्हा घरात वाद झाला. आमच्याकडे मृत्यूनंतर पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होतो आणि त्यात जलदान विधी करतात. काका म्हणाले, हे श्राद्धच आहे, फक्त भटजीच्या जागी भन्ते. बाबासाहेबांनी श्राद्ध-पिंडदान करणार नाही अशी प्रतिज्ञा घ्यायला लावली ती कशासाठी? काकांचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. हा वाद आमच्या समाजात अजून चालू आहे आणि दोन्ही बाजूंना प्रामाणिक माणसं आहेत. शेवटी आईने निर्णय दिला, ‘त्यांना आवडलं असतं. करा.’

पांढऱ्या चादरीवर एक परात, परातीत काशाची वाटी. आम्ही घरातल्या सगळ्यांनी मिळून तांब्याला हात लावला. ज्यांचा हात तांब्यापर्यंत पोहोचत नव्हता त्यांनी पुढच्याच्या दंडाला हात लावला. भन्तेजी गाथा म्हणू लागले आणि आम्ही धार धरली. त्या गाथेचा अर्थ मला कळत होता, घरात बहुधा मला एकटीलाच. पावसाचं पाणी नद्यांतून वाहत जाऊन समुद्र भरतो, तसं इथे दिलेलं मृतांपर्यंत पोहोचतं, अशा आशयाची ती गाथा. वाटी भरली, काठावर फुगून आली, मग पाणी परातीत ओघळू लागलं. मला ते आजीपर्यंत पोहोचतंय असं वाटत नव्हतं. नाही पोहोचत, असंही मी छातीठोकपणे सांगू शकले नसते. तांब्या जड होता आणि धार तुटू द्यायची नव्हती, एवढं मात्र नक्की होतं. माझ्या मागे काकांचा हात होता. ज्यांनी विरोध केला ते काका, माझा दंड घट्ट धरून उभे होते.

त्या दुपारी मी जे केलं त्यात ढोंग होतं का, हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारला. माझं उत्तर, नव्हतं. पाणी कुठे जातं हे माहीत असल्याशिवाय धार धरू नये, असा नियम केला तर माणसाला आपल्या माणसांसाठी फारसं काही करताच येणार नाही.

केसपुत्त नावाच्या गावच्या कालामांची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. गावात येणारा प्रत्येक श्रमण आपलंच मत उचलून धरतो आणि दुसऱ्याचं खोडतो, आम्ही कोणावर विश्वास ठेवायचा, असं त्यांनी तथागतांना विचारलं. तुम्हाला शंका येते हे योग्यच आहे, इथून ते उत्तराला सुरुवात करतात. ऐकीव म्हणून, परंपरेने आलं म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू सांगतो म्हणून मानू नका, हा भाग आमच्याकडे कॅलेंडरवर असतो, लग्नाच्या पत्रिकेवरही असतो. पण त्याच सुत्ताचा शेवट कोणी छापत नाही. तिथे बुद्ध अशा माणसाविषयी बोलतात ज्याच्या मनात वैर नाही, द्वेष नाही. अशा माणसाला चार दिलासे असतात. परलोक असेल आणि कर्माची फळं मिळत असतील, तर त्याचं पुढे भलंच होईल. परलोक नसेल, तर इथे, याच जन्मात, तो निर्वैर आणि सुखाने जगला. पाप करणाऱ्याला पाप लागत असेल, तर याने पाप केलेलंच नाही. लागत नसेल, तरी हा दोन्हीकडून शुद्ध. म्हणजे परलोक आहे की नाही, हे न ठरवताच माणसाने कसं जगायचं ते त्यांनी सांगून ठेवलं. मी हा भाग प्रथम वाचला तेव्हा मला पुस्तक मिटून काही वेळ नुसतं बसावंसं वाटलं होतं. माझ्या अनिश्चिततेला तिथे जागा होती, आणि ती जागा मला भीक म्हणून दिलेली नव्हती.

मालुंक्यपुत्त नावाचा भिक्षू मात्र बुद्धापाशी अडून बसला होता. जग शाश्वत की अशाश्वत, मरणानंतर तथागत असतो की नसतो, हे सांगितल्याशिवाय मी तुमच्याकडे ब्रह्मचर्य पाळणार नाही, म्हणाला. त्याला विषारी बाण लागलेल्या माणसाचा दाखला मिळाला: बाण मारणारा कोण, कुठल्या कुळाचा, धनुष्य कशाचं, हे कळल्याखेरीज बाण काढू देणार नाही म्हणणारा माणूस ते कळण्याआधीच मरेल. या दाखल्यात मला नेहमी एक गोष्ट टोचते. आमच्या लोकांना बाण मारणारा कोण आणि कुठल्या कुळाचा, हे चांगलं ठाऊक होतं. तरीही बाबासाहेबांनी आधी बाण काढला. १९३५ मध्ये येवल्यात हिंदू म्हणून मरणार नाही असं सांगितल्यापासून दीक्षेपर्यंत एकवीस वर्षं त्यांनी घेतली, निरनिराळे धर्म तपासले, आणि मग निवडला तो असा धर्म, ज्याच्या शास्त्याने न कळणाऱ्या प्रश्नांवर मौन राखणं पत्करलं.

या धर्माचं नाव मी लावते, तेव्हा मला भेटतात ते ‘नावात काय आहे’ म्हणणारे लोक. त्यातले पुष्कळ जण मला प्रिय आहेत. विपश्यनेच्या एका शिबिरात मी गेले होते. सत्यनारायण गोयंकांच्या परंपरेत हे आवर्जून सांगितलं जातं की ही विद्या कुठल्या संप्रदायाची नाही; श्वास हिंदू नसतो, मुसलमान नसतो, बौद्धही नसतो. ते खरं आहे. गुडघे ठणकत असताना त्या ठणक्याला धर्म नव्हता, आणि तो ठणका उमटतो, वाढतो, विरतो हे नुसतं पाहत बसण्यातली शांती मला अन्य कुठे मिळालेली नाही. शेवटी मौन सुटलं. जेवणाच्या रांगेत शेजारी बसणाऱ्या बाईंशी पहिल्यांदाच बोलणं झालं. फार प्रेमळ बाई. आडनाव विचारलं, मी सांगितलं. ‘हो का? म्हणजे तुम्ही त्या बौद्ध,’ म्हणाल्या. ‘आम्ही पण आता बुद्धच मानतो हं, पण तसं नाही.’ त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. ताटात त्यांनी स्वतःहून मला पापड वाढला. पण नावाची गरज नाही हे इतके दिवस ऐकून झाल्यावर पहिली चौकशी नावाचीच झाली, आणि ‘त्या’ आणि ‘आम्ही’ मधली रेघ जिथे होती तिथेच राहिली.

धर्मानंद कोसंबींविषयी मला अपार आदर आहे. गोव्यातल्या साखवाळचा, फारसं शालेय शिक्षण न मिळालेला हा तरुण बुद्धाच्या ओढीने घर सोडून निघाला, सिंहलद्वीपात जाऊन पाली शिकला, १९०२ मध्ये भिक्षू झाला. मराठीला बुद्ध कळला तो मोठ्या प्रमाणात त्यांच्यामुळे. बाबासाहेबांच्याही आधी मुंबईत परळच्या कामगार वस्तीत बहुजन विहार उभा राहिला तो त्यांच्याच खटपटीने. भिक्षू झाल्यावर काही वर्षांनी त्यांनी चीवर उतरवलं, संसारात परतले, परदेशी विद्यापीठात ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथावर काम केलं, समाजवादाकडे झुकले. शेवटी पार्श्वनाथाच्या चातुर्याम धर्मावर पुस्तक लिहिलं आणि जून १९४७ मध्ये सेवाग्रामला अन्नत्याग करून देह ठेवला, तोही जैनांना आपला वाटावा अशा रीतीने. हा माणूस बौद्ध होता, जैन होता, की आणखी काही? त्यांना स्वतःला याने फरक पडत होता असं दिसत नाही, आणि त्यांचं आयुष्य पाहता मलाही पडत नाही. जे पटलं ते जगून पाहिलं, एवढा सरळ मामला.

ब्रिटनचे स्टीफन बॅचलर यांचीही वाट अशीच. तिबेटी आणि कोरियन परंपरेत भिक्षू राहिले, मग चीवर ठेवून दिलं, आणि १९९७ मध्ये ‘बुद्धिझम विदाउट बिलीफ्स’ लिहून पुनर्जन्माविषयी ‘मला माहीत नाही’ म्हणण्याचा हक्क मोठ्या निष्ठेने मांडला. मी ते पुस्तक वाचलं तेव्हा पानोपानी मान डोलावली.

तरीही एक फरक उरतो, आणि तो सांगितला पाहिजे. नाव सोडून दिलं की जो नुसता माणूस म्हणून उरतो, त्याला नाव सोडणं शक्य असतं. माझ्या आजीने ‘बौद्ध’ हे नाव सोडलं असतं तर ती नुसती बाई उरली नसती. गावाने तिच्यासाठी दुसरं नाव आधीच तयार ठेवलं होतं, विहिरीवर, देवळाच्या पायरीवर, शाळेच्या पटावर. तिच्यापुढे दोन नावं होती: एक दिलेलं, एक घेतलेलं. तिसरी, बिननावाची जागा तिच्या वाट्याला आलेलीच नव्हती. ती जागा उदात्त आहे, हे मी मान्य करते. पण ती सगळ्यांना सारख्याच भावात मिळते असं मानून कोणी मला नाव टाकायला सांगितलं, तर ते मला मान्य नाही.

जनगणनेत हे लख्ख दिसतं. १९५१ मध्ये आजच्या महाराष्ट्राच्या भागात बौद्धांची नोंद अडीच हजारांच्या आसपास होती. १९६१ मध्ये ती २७ लाखांच्या वर गेली. या लाखो लोकांनी दहा वर्षांत अभिधम्म वाचला होता का? निर्वाणाविषयी त्यांची खात्री झाली होती का? बहुतेकांना सहीसुद्धा येत नव्हती. प्रगणक दारात आला, त्याने धर्म विचारला, आणि त्यांनी एक शब्द सांगितला. त्या एका शब्दात आम्ही यापुढे कोणाबरोबर उभे आहोत हे होतं. परलोक आहे की नाही, हा प्रश्न त्यात आलाच नव्हता. प्रतिज्ञांमध्ये शेवटाकडे एक प्रतिज्ञा आहे, आज माझा नवा जन्म होतो आहे अशा अर्थाची. पुनर्जन्मावर इतकं कठोर प्रश्नचिन्ह लावणाऱ्या माणसाने हा एक नवा जन्म मात्र प्रतिज्ञेतून घ्यायला लावला. हा जन्म मला मान्य आहे, कारण त्याचे साक्षीदार माझ्या घरात होते.

या शब्दाची किंमत वडिलांनीही मोजली. राज्यात बौद्धांना सवलती होत्या, पण केंद्राच्या लेखी धर्म बदलला की अनुसूचित जातीचा हक्क संपत असे. केंद्राच्या नोकरीसाठी अर्ज करायचा तर कागदावर हिंदू राहावं लागे. घरात तथागतांची तसबीर, दाखल्यावर जुना धर्म, अशी दुहेरी वहिवाट एका अख्ख्या पिढीने सोसली. १९९० मध्ये कायदा बदलला तेव्हा वडील नोकरीत मुरले होते. त्यांनी त्या दिवशी काही साजरं केलं नाही. मात्र पुढे कुठलाही फॉर्म घरात आला की धर्माचा रकाना ते स्वतः भरत, आम्हाला भरू देत नसत. निळ्या शाईने, प्रत्येक अक्षर सुटं, आणि ‘द्ध’चं जोडाक्षर नीट वळण घेऊन.

माझी भाची आता पुण्यात नोकरी करते. ती देव मानत नाही, पुनर्जन्म मानत नाही, ध्यानाला बसत नाही. येत्या जनगणनेत धर्माबरोबर जातही विचारणार आहेत, त्यावरून आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज चर्चा. धर्म बौद्ध यावर एकमत, पण जातीच्या रकान्यात काय लिहायचं? जुनं नाव लिहिलं नाही तर हक्क जाईल ही भीती, लिहिलं तर ज्यातून बाहेर पडलो तेच पुन्हा हाताने लिहायचं. भाचीने मला वेगळा फोन केला. ‘मावशी, मी ‘धर्म नाही’ असंच सांगितलं तर? मला खरंच काही मानायचं नाहीये. खोटं कशाला लिहू?’

मी तिला सांगितलं, तू जे मानत नाहीस ते मीही पुष्कळसं मानत नाही, आणि उरलेल्याबद्दल मला खात्री नाही. तरी मी बौद्ध लिहिणार आहे, आणि ते खोटं नाही. या धर्मात शिरताना कोणी माझी खात्री मागितलेली नव्हती. वैर न करता जगशील का, माणसाला माणूस मानशील का, एवढंच मागितलं होतं. ‘माहीत नाही’ म्हणायला तर खुद्द शास्त्याची मुभा आहे. तू ‘नाही’ लिहिलंस तरी मला तू परकी होणार नाहीस, पण त्या रकान्यापर्यंत आपण कसे आलो ते एकदा माहीत करून घे आणि मग लिही.

ती जरा वेळ बोलली नाही. मग तिने विचारलं, ‘पणजीला पालीतलं काहीच कळत नव्हतं ना? वंदनेचा अर्थसुद्धा?’

‘फारसा नाही,’ मी म्हणाले.

‘मग ती रोज म्हणायची कशी?’

मी तिला म्हटलं, दिवाळीत घरी ये, माझ्या आईला विचार. पणजीच्या शेजारी बसून रोज वंदना म्हणणारी तीच एक उरली आहे. तिने लगेच रजेचं बघते म्हणून सांगितलं, आणि येताना ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ची आमच्याकडची जास्तीची प्रत तिच्यासाठी काढून ठेवायलाही सांगितलं.